ख्रिस्तराजा: मशीहाचे राजेपण आणि श्रद्धेचे जीवन

उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे आगमनकाळ सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, ख्रिस्तसभा ‘विश्वाचा राजा आपला प्रभू येशू ख्रिस्त’ हा महोत्सव साजरा करते. अनेक धर्मग्रामांत या दिवशी पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघते, आणि ख्रिस्तराजाचा जयजयकार होतो. मात्र हा जयजयकार करताना ‘राजा’ या शब्दाचा आपण कोणता अर्थ मनात धरतो, याचा विचार क्वचितच होतो. २६ जानेवारी १९५० पासून आपला देश प्रजासत्ताक आहे. राजे आणि संस्थाने आपल्यासाठी इतिहासाच्या पुस्तकात राहिली आहेत. अशा वेळी येशूला राजा म्हणणे ही केवळ जुन्या काळाची आदरार्थी भाषा आहे, की तिचा आपल्या रोजच्या श्रद्धाजीवनाशी काही संबंध आहे? पवित्र शास्त्राच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘मशीहा’ या शब्दाचा अर्थ

‘मशीहा’ हा शब्द मूळ हिब्रू भाषेतील असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ म्हणजे तेलाने अभिषेक केलेला असा आहे. त्याचेच ग्रीक रूपांतर ‘ख्रिस्तोस’. तेव्हा ‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव नव्हे, तर ती एक पदवी आहे. ‘येशू ख्रिस्त’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘येशू हाच अभिषिक्त राजा’ ही श्रद्धा आपण नकळत प्रकट करीत असतो.

इस्राएलमध्ये याजकांचा अभिषेक होत असे, राजांचा होत असे, आणि क्वचित संदेष्ट्यांचाही. एलीयाला अलीशाचा अभिषेक करण्याची आज्ञा झाली, तो प्रसंग प्रसिद्ध आहे (१ राजे १९:१६). यशयाच्या ग्रंथात तर परराष्ट्रीय अशा पारसचा राजा कोरेश यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे (यशया ४५:१), कारण त्याच्या हातून देवाने आपल्या लोकांची बाबेलच्या बंदिवासातून सुटका घडविली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अभिषेक हा मानमरातबासाठी नसतो, तो कामगिरीसाठी असतो. ज्याचा अभिषेक होतो त्याला देव कोणाच्या तरी सेवेसाठी वेगळा काढतो.

२. इस्राएलने राजा मागितला

आरंभी इस्राएलला मानवी राजा नव्हता, परमेश्वर हाच त्यांचा राजा होता. मिद्यानी लोकांवर विजय मिळविल्यावर लोकांनी गिदोनाला राज्य देऊ केले, तेव्हा त्याने ते नाकारले आणि परमेश्वरच तुमच्यावर राज्य करील असे सांगितले (शास्ते ८:२३). पुढे शमुवेल वृद्ध झाला व त्याचे पुत्र लाच घेऊ लागले, तेव्हा इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हालाही राजा हवा असा हट्ट लोकांनी धरला.

त्या प्रसंगी शमुवेलाने दिलेला इशारा प्रत्येक पिढीने वाचावा असा आहे (१ शमुवेल ८:१०-१८). राजा तुमच्या पुत्रांना आपल्या रथांपुढे धावायला लावील, कन्यांना स्वयंपाकिणी आणि भटारणी करील, उत्तम शेते व द्राक्षमळे काढून घेऊन आपल्या सेवकांना देईल, धान्याचा व कळपांचा दशमांश उचलील आणि अखेर तुम्ही त्याचे दास व्हाल, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. या उताऱ्यात ‘घेईल’ ही क्रिया पुन्हा पुन्हा येते. जगातील राजा घेतो, हे शास्त्राचे निरीक्षण आहे.

तरीही देवाने लोकांची मागणी अव्हेरली नाही. अनुवाद ग्रंथात राजासाठी काही अटी घातल्या आहेत (अनुवाद १७:१४-२०). त्याने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोन्यारुप्याचा मोठा साठा करू नये. नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती आयुष्यभर दररोज वाचावी, आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला थोर समजू नये. सैन्य, अंतःपूर आणि खजिना ही ज्या काळात राजेपणाची तीन लक्षणे मानली जात, त्या काळात ही अट घातली गेली हे ध्यानात घेतले पाहिजे. शास्त्राला अभिप्रेत असलेला राजा हा प्रथम देवाच्या वचनाचा वाचक आणि मग प्रजेचा शासक आहे.

३. दाविदाला दिलेले वचन आणि संदेष्ट्यांची आशा

इसवी सनापूर्वी सुमारे १००० वर्षांपूर्वी दावीद राज्यावर आला. बेथलेहेमच्या इशायाचा हा धाकटा मुलगा मेंढरे राखीत असताना शमुवेलाने त्याला बोलावून त्याचा अभिषेक केला. त्याला देवासाठी मंदिर बांधायचे होते. परंतु नाथान संदेष्ट्याच्या मुखाने देवाने त्याला उलट सांगितले, की मीच तुझे घराणे बांधीन आणि तुझे राजासन कायमचे स्थापीन (२ शमुवेल ७). मशीहाविषयीची सारी आशा या वचनाच्या पायावर उभी आहे.

इतिहास मात्र वेगळाच घडला. दाविदाच्या वंशातील बहुतेक राजे अटी विसरले. राज्य दुभंगले. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि दाविदाचे सिंहासन रिकामे झाले. बंदिवासातून लोक परतले, मंदिर पुन्हा उभे राहिले, पण ते सिंहासन पुन्हा कधी भरले नाही. तरीही लोकांनी ७२ वे स्तोत्र गाणे सोडले नाही. दीनांचा न्याय करणाऱ्या, गरजूंचा आक्रोश ऐकणाऱ्या आणि त्यांच्या रक्ताला मोल देणाऱ्या राजाचे ते गीत आहे. राजा नसताना राजाचे गीत गात राहणे, हीच त्यांची श्रद्धा होती.

संदेष्ट्यांनी या आशेला आकार दिला. यशयाने शांतीचा अधिपती म्हणून जन्मणाऱ्या बालकाची (यशया ९) आणि इशायाच्या बुंध्यातून फुटणाऱ्या कोंबाची (यशया ११) घोषणा केली. यिर्मयाने न्यायाने वागणारा नीतिमान अंकुर पाहिला (यिर्मया २३). यहेज्केलाने कळप खाऊन टाकणाऱ्या मेंढपाळांना धारेवर धरले आणि देव स्वतः आपली मेंढरे राखील असे सांगितले (यहेज्केल ३४). जखऱ्याने गाढवावर बसून येणारा लीन राजा दाखविला (जखऱ्या ९:९). दानीएलाने मेघांसह येणाऱ्या मानवपुत्राला सार्वकालिक प्रभुत्व मिळताना पाहिले (दानीएल ७:१३-१४). आणि यशयाच्या ग्रंथातच, या राजचित्रांपासून दूर, इतरांचे अपराध वाहणारा दुःखी सेवक उभा आहे (यशया ५३). हा सेवक आणि तो राजा एकच असू शकतील, ही कल्पना लोकांना सहजी सुचण्यासारखी नव्हती.

४. येशूने नाकारलेला व स्वीकारलेला मुकुट

इ. स. पूर्व ६३ मध्ये पाँपी या सेनापतीने यरुशलेम जिंकल्यापासून यहुदी लोक रोमच्या वर्चस्वाखाली होते. त्यामुळे मशीहा म्हणजे परकीय सत्ता उलथून टाकणारा वीर, अशी अनेकांची अपेक्षा होती. गब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या निरोपात दाविदाचे सिंहासन आणि अंत नसलेले राज्य यांचा उल्लेख आहे (लूक १:३२-३३). परंतु येशूने हे राजेपण कोणत्या रीतीने पेलले, ते पाहिले पाहिजे.

पाच भाकरींनी हजारो लोक तृप्त झाले, तेव्हा ते आपल्याला बळेच राजा करू पाहत आहेत हे ओळखून येशू एकटाच डोंगरावर निघून गेला (योहान ६:१५). पेत्राने त्याला ख्रिस्त म्हणून ओळखले, त्याच क्षणी येशूने आपल्या दुःखसहनाविषयी बोलण्यास आरंभ केला आणि पेत्राला ते रुचले नाही, तेव्हा त्याची कडक कानउघाडणी केली (मार्क ८:२९-३३). यरुशलेमेत प्रवेश करताना त्याने युद्धाचा घोडा निवडला नाही, जखऱ्याने सांगितलेले शिंगरू निवडले. झावळ्यांच्या रविवारी आपण याचेच स्मरण करतो.

येशूने ‘राजा’ ही पदवी उघडपणे स्वीकारली ती पिलातापुढे, हात बांधलेले असताना. आपले राज्य या जगाच्या रीतीचे नाही, तसे असते तर आपले सेवक लढले असते, आणि आपण सत्याविषयी साक्ष देण्यासाठी जगात आलो आहोत, असे त्याने त्या सुभेदाराला सांगितले (योहान १८:३३-३७). या उत्तराचा अर्थ कधी कधी चुकीचा लावला जातो. येशूचे राज्य जगाबाहेर कोठेतरी आहे आणि त्याला या जगातील अन्यायाचे, भुकेचे वा सत्तेचे काही देणेघेणे नाही, असा त्याचा अर्थ नाही. ते राज्य जगातून उगम पावलेले नाही, म्हणून ते जगाच्या साधनांनी, म्हणजे बळाने व कपटाने, चालत नाही. पण ते जगासाठीच आहे.

पुढे सैनिकांनी थट्टेने त्याला जांभळा झगा घातला, काट्यांचा मुकुट गुंफून डोक्यावर ठेवला आणि त्याच्यापुढे गुडघे टेकले. क्रुसावर लावलेला आरोपाचा लेख हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होता (योहान १९:२०). आपल्या घरातील क्रुसावर ‘आय-एन-आर-आय’ ही चार अक्षरे दिसतात, ती त्यातील लॅटिन शब्दांची आद्याक्षरे होत. येशू हा नासरेथचा, यहुद्यांचा राजा, एवढाच त्याचा अर्थ. पिलाताच्या लेखी तो उपहास होता. शुभवर्तमानकारांच्या लेखी ती राज्याभिषेकाची घोषणा होती. शमुवेलाने सांगितलेला राजा ‘घेणारा’ होता. क्रुसावरील राजा देतो, आणि अखेर स्वतःचा प्राणही देतो.

५. राजाला कोणी ओळखले?

‘श्रद्धा’ या अर्थी नव्या करारात वापरलेला ‘पिस्तिस’ हा ग्रीक शब्द दोन अर्थांचा आहे. त्यात विश्वास ठेवणे आहे, तसेच एकनिष्ठ राहणेही आहे. हिब्रूतील ‘एमुना’ हा शब्द तर ‘आमेन’ ज्या धातूपासून आला त्याच धातूचा आहे आणि त्यात स्थिरतेचा, भरवशाचा भाव आहे. म्हणजे श्रद्धा ही केवळ बुद्धीने दिलेली संमती नव्हे, ती एका व्यक्तीवर टाकलेला भार आणि तिच्याशी राखलेले इमान आहे. राजा आणि श्रद्धा या दोन विषयांची गाठ येथे पडते.

शुभवर्तमानात हे इमान कोणापाशी आढळते? मार्कच्या दहाव्या अध्यायात दोन प्रसंग एकापाठोपाठ येतात. जब्दीचे पुत्र याकोब व योहान येशूकडे मागणी घेऊन येतात, तेव्हा मी तुमच्यासाठी काय करावे असे तो विचारतो. त्यांना त्याच्या गौरवात उजव्या व डाव्या हाताची आसने हवी असतात. थोड्याच वेळाने यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय हा आंधळा भिकारी येशूला दाविदाचा पुत्र म्हणून हाक मारतो. येशू त्यालाही तोच प्रश्न विचारतो. बार्तीमय आसन मागत नाही, दृष्टी मागतो. आणि दृष्टी मिळताच तो येशूच्या मागून वाटेने चालू लागतो (मार्क १०:३५-५२). ती वाट यरुशलेमची, म्हणजे क्रुसाची आहे. डोळस शिष्यांना न दिसलेला राजा आंधळ्याला दिसला.

मत्तयमध्ये येशूला दाविदाचा पुत्र म्हणून विनवणारी एक कनानी स्त्री आहे, परराष्ट्रीय आणि हट्टाने मागणारी (मत्तय १५:२२). लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या राज्याची आठवण काढणारा शेवटचा माणूस म्हणजे त्याच्यासोबत क्रुसावर टांगलेला अपराधी (लूक २३:४२). त्या क्षणी येशूपाशी राज्याची एकही खूण नव्हती, सैन्य नव्हते, मुकुट होता तो काट्यांचा. तरीही त्या माणसाने त्याच्या राज्यात जागा मागितली, आणि ती त्याला त्याच दिवशी मिळाली. याजक, शास्त्री व सुभेदार यांना जे उमगले नाही, ते या तिघांना उमगले. याचे कारण उघड आहे. त्यांच्यापाशी राखण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून ते सर्वस्वी त्याच्यावर विसंबू शकले.

६. साक्षीदारांची परंपरा

पुनरुत्थानानंतर पेत्राने पन्नासाव्या दिवशी जाहीर केले, की क्रुसावर खिळलेल्या येशूला देवाने प्रभू आणि ख्रिस्त करून ठेवले आहे (प्रेषितांची कृत्ये २:३६). या घोषणेची किंमत लवकरच मोजावी लागली. थेस्सलनीका येथे ख्रिस्ती लोकांवर आरोप झाला तो हा, की कैसराच्या हुकमांविरुद्ध ते येशू नावाचा दुसराच राजा असल्याचे सांगतात (प्रेषितांची कृत्ये १७:७).

इतिहासकार युसेबियस याने, हेगेसिप्पस या दुसऱ्या शतकातील लेखकाच्या आधारे, एक हृद्य हकिकत नोंदविली आहे. सम्राट डोमिशियन (इ. स. ८१-९६) याने दाविदाच्या वंशातील म्हणून यहूदाच्या, म्हणजे प्रभूच्या नातलगाच्या, नातवांना चौकशीसाठी बोलावले. त्यांनी आपली लहानशी जमीन किती ते सांगितले आणि शेतीच्या कष्टाने घट्टे पडलेले हात दाखविले. ख्रिस्ताचे राज्य ऐहिक नसून ते युगाच्या समाप्तीस प्रकट होईल, असे त्यांनी सांगितल्यावर सम्राटाने त्यांना क्षुद्र मानून सोडून दिले. वसई असो वा कोकण, शेतीत राबलेल्या हातांची ओळख असलेल्या आपल्या भाविकांना राजवंशाची ही खूण आपलीशी वाटेल.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्या मरणाशीही हाच प्रश्न निगडित आहे. फ्रान्सिस्कन बंधू असलेले गोन्सालो दुभाषी म्हणून जपानमध्ये गेले. मिशनरी म्हणजे परकीय राजाच्या स्वारीची पूर्वतयारी, असा संशय शासक हिदेयोशीच्या मनात बळावला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे गोन्सालोंसह २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. पिलातापुढचा गैरसमजच येथे पुन्हा घडला. ते ज्या राजासाठी मेले, त्याला कोणाचीही भूमी जिंकायची नव्हती. १८६२ साली त्यांना संतपद बहाल झाले.

मराठी भाषेलाही या राजाची ओळख जुनी आहे. येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात तारणाऱ्याच्या वचनाची, तर दुसऱ्या भागात त्या वचनाच्या पूर्तीची, अर्थात ख्रिस्तचरित्राची कथा ओवीबद्ध केली आहे. जुना करार आणि नवा करार यांना जोडणारा दुवा म्हणजे मशीहा, हे या रचनेतूनच वाचकाच्या मनावर ठसते.

७. सणाचा इतिहास

ख्रिस्ताच्या राज्याला अंत नाही, ही ग्वाही इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मपरिषदेशी निगडित श्रद्धांगीकारात आहे, आणि मिस्सामध्ये आपण ती आजही उच्चारतो. ख्रिस्तराजाचा स्वतंत्र सण मात्र अर्वाचीन आहे. पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी ‘क्वास प्रिमास’ या परिपत्रकाद्वारे तो स्थापन केला. ते निकेया धर्मपरिषदेचे सोळाशेवे स्मृतिवर्ष आणि पवित्र ज्युबिली वर्ष होते.

पहिले महायुद्ध (१९१४-१९१८) संपून सात वर्षे झाली होती. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व तुर्कस्तान येथील साम्राज्ये कोसळली होती; रोममध्ये १९२२ पासून मुसोलिनीची सत्ता होती. राष्ट्र, पक्ष आणि नेता यांनाच सर्वस्व मानण्याच्या त्या काळात, मनुष्याच्या सदसद्विवेकावर अंतिम अधिकार देवाचा आहे, हे सांगणे आवश्यक होते. दोनच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९२७ रोजी, मेक्सिकोत येशूसंघीय धर्मगुरू मिगेल प्रो यांना खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या. हात क्रुसासारखे पसरून, ख्रिस्तराजाचा जयघोष करीत त्यांनी मरण स्वीकारले. १९८८ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले.

प्रारंभी हा सण ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी येत असे. १९६९ च्या उपासनाविषयक सुधारणेनुसार तो उपासनावर्षाच्या शेवटी नेण्यात आला. या बदलाने अर्थही खुलला: साऱ्या इतिहासाची परिणती ख्रिस्तात होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली केलेल्या घोषणेप्रमाणे २०२१ पासून धर्मप्रांतीय पातळीवरील जागतिक युवादिनही याच दिवशी साजरा होतो.

या सणासाठी नेमलेली तीन वर्षांची शुभवर्तमाने पाहावीत. ‘अ’ वर्षी शेवटच्या न्यायाचे दृश्य (मत्तय २५:३१-४६), ‘ब’ वर्षी पिलातापुढील संवाद, ‘क’ वर्षी क्रुसावरील अपराध्याची विनवणी. तिन्हींत राजवाडा कोठेच नाही. राजा भेटतो तो भुकेल्यात, बंदिवानात आणि क्रुसावर.

८. राजाच्या प्रजेचे जीवन

स्नानसंस्काराच्या वेळी पवित्र तेलाने आपल्या मस्तकावर अभिषेक होतो. त्या क्षणी आपण ख्रिस्ताच्या याजकपणात, संदेष्टेपणात व राजेपणात सहभागी होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात प्रापंचिकांच्या या राजकीय, म्हणजे राजाशी निगडित, सेवाकार्याचे विवेचन केले आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ तीन अंगांनी सांगता येईल.

पहिले अंग म्हणजे स्वतःवर राज्य करणे. क्रोध, व्यसन, लोभ आणि मत्सर यांच्या सत्तेखाली असलेला मनुष्य, त्याच्यापाशी कितीही अधिकार असला तरी, पराधीनच असतो. दुसरे अंग म्हणजे सेवा. घरात वडीलधाऱ्यांच्या हाती, संस्थेत पदाधिकाऱ्यांच्या हाती, धर्मग्रामात धर्मगुरूंच्या व समित्यांच्या हाती अधिकार असतो. तो अधिकार ‘घेणारा’ आहे की ‘देणारा’, ही शमुवेलाची कसोटी प्रत्येकाला लागू आहे, आणि ती धर्मगुरूंना सर्वांआधी लागू आहे. जमिनीच्या वाटणीत बहिणीचा हिस्सा नाकारणारे घर, किंवा घरकामाच्या बाईला वेळेवर वेतन न देणारे घर, भिंतीवर ख्रिस्तराजाची तसबीर लावून त्याची प्रजा ठरत नाही.

तिसरे अंग म्हणजे सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य. कैसराच्या नाण्यावर कैसराची प्रतिमा होती, म्हणून ते कैसराला द्यावे असे येशूने सांगितले (मार्क १२:१३-१७). मनुष्यावर मात्र देवाची प्रतिमा आहे (उत्पत्ती १:२७), म्हणून मनुष्य पूर्णत्वाने कोणत्याही सत्तेच्या मालकीचा होऊ शकत नाही. ख्रिस्ती मनुष्य कर भरतो, कायदा पाळतो, मतदान करतो, देशावर प्रेम करतो. पण खोटी साक्ष देण्याची, लाच घेण्याची वा निरपराधाचा द्वेष करण्याची आज्ञा तो कोणाकडूनही स्वीकारीत नाही.

समारोप

प्रिय वाचकहो, संत पौल सांगतो की अखेरीस ख्रिस्त आपले राज्य देवपित्याच्या स्वाधीन करील (१ करिंथकर १५:२४). राज्य हाती येऊनही ते दुसऱ्याच्या हाती सोपविणारा असा राजा जगाच्या इतिहासात विरळाच. त्याचे राजेपण आरंभापासून अखेरपर्यंत दान आहे. म्हणूनच त्याच्यावरील श्रद्धा आपल्याला लाचार करीत नाही, तर मोकळे करते.

येत्या सणाच्या आधी प्रत्येक कुटुंबाने रोज सायंकाळच्या रोझरीनंतर एक उतारा वाचावा, अशी विनंती आहे: पहिल्या शमुवेलाचा आठवा अध्याय, ७२ वे स्तोत्र, मार्कचा दहावा अध्याय, योहानाच्या अठराव्या अध्यायातील पिलाताची भेट, आणि शेवटी मत्तयचा पंचविसावा अध्याय. वाचून झाल्यावर आपल्या वस्तीत भुकेला, आजारी, परका वा एकाकी असा कोण आहे, याचा विचार घरातील सर्वांनी मिळून करावा आणि त्याच्या दारी जावे. मिरवणुकीतील राजा तेथे आपली वाट पाहत असेल.